अर्ध्या सुताचा फरक

अमेरिकी सैन्याने १८७३ साली स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी एक नवं काडतूस स्वीकारलं. .४५ इंच व्यासाची शिशाची गोळी आणि तिच्यामागे ७० ग्रेन काळी दारू. या दोन आकड्यांवरून त्याला .४५-७० हे नाव पडलं. वीसेक वर्षांत सैन्य दुसऱ्या काडतुसाकडे वळलं, पण शिकाऱ्यांनी हे सोडलं नाही. दीडशे वर्षं उलटली तरी अमेरिकेत ते कारखान्यात बनतं, दुकानात मिळतं, आणि कितीतरी लोक वापरलेल्या पुंगळ्या घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा भरून ते स्वतः तयार करतात.

या काडतुसाच्या पितळी पुंगळीची कमाल लांबी ठरलेली आहे: २.१०५ इंच. भरण्याची सगळी अवजारं या आकड्यावर बेतलेली. पण २००५-०६च्या सुमारास नेब्रास्कातल्या एका कंपनीने अशी गोळी बाजारात आणली, की तिच्यासाठी ही पुंगळी २.०४० इंचांवर कापावी लागते. फरक ०.०६५ इंचाचा, म्हणजे १.६५ मिलिमीटर. आपल्याकडच्या सुतारकामाच्या मापात सांगायचं तर अर्धा सूत. एवढ्या फरकाने काडतूस बंदुकीत बसायचं अडत नाही. अडतं ते भरण्याच्या डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात. का अडतं हे समजून घेताना, हे काडतूस जिच्यात आजही वापरलं जातं त्या लिव्हर-ॲक्शन रायफलीची घडणच समोर येते.

काऊबॉयच्या सिनेमात घोड्यावरच्या माणसाच्या हातात दिसते ती लिव्हर-ॲक्शन रायफल. ट्रिगरभोवतीची कडी खाली ढकलून वर ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस बॅरलच्या मागच्या टोकात शिरतं. १८६० सालच्या हेन्री रायफलीत सोळा काडतुसं मावत. ती ठेवायची जागा म्हणजे बॅरलखाली तिला समांतर बसवलेली एक लांब नळी. नळीत काडतुसं आडवी, एकामागे एक, आणि त्यांना सतत मागे रेटणारी स्प्रिंग. विंचेस्टर कंपनीने १८६६ साली बाजूला भरण्याची खिडकी दिली, १८७३ साली काडतूस बदललं, १८८६ साली जॉन ब्राउनिंगने आखलेली अधिक मजबूत रचना घेतली. नळी तशीच राहिली.

या नळीत एक धोका आहे. या रायफलींच्या नंतरच्या काडतुसांत बुडाच्या मध्यभागी प्रायमर असतो, म्हणजे ठोका बसला की पेट घेणारी छोटी टोपी. नळीत मागच्या काडतुसाच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या नेमक्या त्या टोपीवर टेकलेलं असतं. गोळी टोकदार असेल आणि बंदूक धक्का देईल, तर ते टोकच घोड्याच्या खिळीचं काम करू शकतं. एक काडतूस नळीतच पेटलं की बाकीची त्याच्या मागोमाग जाऊ शकतात, आणि नेमबाजाचा डावा हात त्याच नळीवर असतो. म्हणून नळीच्या रायफलींसाठी गोळ्या चपट्या किंवा बोथट नाकाच्या करण्याचा शिरस्ता पडला. चपटं नाक हवेत जास्त अडतं. गोळी दीडशे-दोनशे यार्डांपलीकडे झपाट्याने मंदावते आणि खाली येते.

यातून सुटण्याच्या वाटा होत्या. ब्राउनिंगच्याच १८९५च्या विंचेस्टरमध्ये काडतुसं पेटीत एकावर एक रचली जात. थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेला गेला तेव्हा त्याने याच जातीची रायफल नेली होती. आर्थर सॅव्हेजच्या १८९९च्या रायफलीत काडतुसं फिरत्या चक्रात बसत. दोन्हींत टोकदार गोळी चालते. पण लोकांचं मन नळीवरच बसलं. १८९४चं विंचेस्टर सत्तर लाखांहून जास्त विकलं गेलं, आणि मार्लिन कंपनीच्या लिव्हर रायफलीही बहुतेक नळीच्याच. बारीक, हलकी, खोगिराला अडकवता येणारी बंदूक हवी असेल तर नळीला तोड नव्हती. टोकदार गोळीचा लाभ या मंडळींना शंभर वर्षं मिळाला नाही.

जॉइस हॉर्नेडी यांनी १९४९ साली नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंड इथे गोळ्यांचा कारखाना काढला. या कारखान्याने शोधलेलं उत्तर सरळ होतं: टोक ठेवायचं, पण मऊ. गोळीच्या नाकावर लाल रंगाचं रबरासारखं लवचीक टोक बसवलं. नळीत दाब आला की ते दबतं, टोपीला ठोका देत नाही. हवेत मात्र पूर्ण टोकदार गोळीसारखं वागतं. काडतुसांच्या मालिकेला त्यांनी नाव दिलं ‘लेव्हरेव्होल्यूशन’, आणि सुटी गोळी ‘एफटीएक्स’ नावाने विकायला ठेवली. .३०-३० या जुन्या काडतुसात १६० ग्रेनची ही गोळी सेकंदाला सुमारे २,४०० फुटांच्या वेगाने निघते. .४५-७०मध्ये ३२५ ग्रेनची गोळी सुमारे २,०५० फुटांनी.

आता लांबीचा हिशेब. .४५-७०च्या पूर्ण काडतुसाची, बुडापासून टोकापर्यंतची, कमाल लांबी २.५५० इंच. रायफलीतला काडतूस वर उचलणारा पाळणा तेवढंच उचलू शकतो; त्याहून लांब काडतूस आडवं अडकतं. २.५५० मधून पुंगळीचे २.१०५ वजा केले तर गोळीच्या नाकासाठी ०.४४५ इंच उरतात. चपट्या नाकाला ते पुरतात. निमुळतं होत जाणारं, वर मऊ टोक असलेलं नाक त्यात मावत नाही. पाळणा बदलता येत नाही, नाक आखूड केलं तर सगळा लाभ गेला. उरली पुंगळी. ती २.०४० वर कापली की नाकाला ०.५१० इंच मिळतात.

.४४४ मार्लिन या १९६४ सालच्या काडतुसात फरक आणखी मोठा आहे. पुंगळी मुळात २.२२५ इंचांची, आणि नव्या गोळीसाठी ती २.०६५ वर आणावी लागते. फरक ०.१६० इंच, चार मिलिमीटरांहून थोडा जास्त, म्हणजे सव्वा सूत. .३०-३०मध्ये मात्र काहीच कापावं लागत नाही. तिथे गोळीचा आकार आणि काडतुसाची लांबी यांचा मेळ आपोआप बसतो. त्यामुळे .३०-३० भरणाऱ्या माणसाला ही अडचण माहीतही नसते, आणि .४५-७० भरणारा शेजारी डायसमोर बुचकळ्यात पडलेला असतो.

कित्येकांना तर आपल्याकडे आखूड पुंगळ्या आल्या आहेत हेच उशिरा कळतं. कारखान्याची भरलेली काडतुसं वापरायची, रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवायच्या आणि त्या पुन्हा भरायच्या, ही तिकडची रीत. काडतुसातला सर्वांत महाग आणि पुन्हा वापरता येणारा भाग तोच. लेव्हरेव्होल्यूशनच्या .४५-७०च्या पुंगळ्या कारखान्यातूनच आखूड येतात. (भारतात शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे घरी काडतूस भरण्याची अशी हौस आपल्याकडे रुजलेली नाही.)

अडकतं ते शेवटच्या पायरीला. पुंगळीत गोळी बसवल्यावर तिच्या तोंडाची कड आत वळवून गोळीवर आवळतात. याला क्रिंप म्हणतात. गोळीच्या अंगावर त्यासाठी एक खरखरीत खाच गोलाकार कोरलेली असते. पितळेची कड त्या खाचेत उतरते. पदराची कड दुमडावी तशी ही घडी, पण तिची रुंदी मिलिमीटरच्या अंशात मोजायची. साध्या बोल्टच्या रायफलीत कित्येकदा क्रिंपची गरजच नसते. नळीत ती अत्यावश्यक, कारण पहिल्या गोळीचा धक्का नळीतल्या सगळ्या काडतुसांना बसतो, शिवाय स्प्रिंग रेटत असतेच. घट्ट न धरलेली गोळी अशा वेळी पुंगळीत आत सरकते. दारूला जागा कमी पडते आणि बार उडाल्यावर दाब अपेक्षेहून वर चढतो.

काळ्या दारूच्या जमान्यात ही चिंता कमी होती. पुंगळी दारूने गच्च भरलेली असे आणि गोळी दारूवरच टेकलेली, त्यामुळे तिला आत सरकायला जागाच नव्हती. १८९०नंतर धूरविरहित दारू आली. ती थोड्या जागेत जास्त जोर देते, म्हणून पुंगळीत पोकळी राहू लागली. तेव्हापासून गोळी जागेवर धरायचं काम पूर्णपणे पुंगळीच्या भिंतीवर आणि क्रिंपवर आलं.

क्रिंप करणारी डाय म्हणजे पोलादाचा आटे पाडलेला दंडगोल. बाहेरून तिचे आटे जवळजवळ सगळ्या कंपन्यांत सारखे, सात अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला चौदा आटे. ती प्रेसच्या डोक्यात वरून फिरवून बसवतात. खाली पुंगळीचं बूड धरणारा शेल होल्डर असतो; हँडल दाबलं की तो पुंगळी घेऊन वर चढतो आणि पुंगळी डायमध्ये शिरते. डायच्या पोटात ठरलेल्या उंचीवर एक बारीक पायरी कोरलेली असते. पुंगळीचं तोंड त्या पायरीला भिडलं की कड आत वळते. डायच्या वरच्या टोकातून आलेला खुंटा गोळीला खाली ढकलतो आणि खुंट्याची उंची स्वतंत्रपणे बदलता येते. पायरीची उंची मात्र बदलत नाही. पायरी खाली आणायची तर अख्खी डाय खाली फिरवावी लागते.

आणि डाय किती खाली जाऊ शकते? तिचं बूड शेल होल्डरला टेकेपर्यंत. त्यापुढे वाट बंद.

पूर्ण लांबीच्या पुंगळीसाठी डाय बसवताना शेल होल्डर आणि डायचं बूड यांच्यात थोडी फट उरते. ती किती, हे प्रत्येक बनावटीच्या डायमध्ये वेगळं. इंचाला चौदा आटे म्हणजे एका फेरीत डाय ०.०७१ इंच खाली जाते. .४५-७०साठी ०.०६५ हवे, म्हणजे एका फेरीला जरा कमी. ज्याच्या डायमध्ये फेरीभराची फट आहे त्याचं काम डायला जागेवर धरणारा चेकनट सैल करून, डाय फिरवून, पुन्हा आवळून होतं. ज्याच्याकडे नाही त्याची डाय शेल होल्डरवर आपटते आणि पायरी पुंगळीच्या तोंडाला शिवतच नाही. गोळी बसते, क्रिंप होत नाही. .४४४ला सव्वादोन फेऱ्या लागतात, तेवढी फट क्वचितच एखाद्या डायमध्ये निघेल.

इथे काही जण जोर लावून बघतात: हँडल आणखी दाबतात, शेल होल्डर खाली वाकवतात. त्याने प्रेसची नुकसानी होते, क्रिंप होत नाही. उलट चुकीचा प्रकारही घडतो. डाय फार खाली आणून पुंगळीचं तोंड पायरीवर नको तितकं दाबलं, तर जास्तीचं पितळ कुठेतरी जायला हवं. ते गोळीच्या खाली पोट काढतं. हे फुगलेलं पोट डोळ्याला दिसत नाही, बोटाला जाणवतं, आणि काडतूस बॅरलच्या घरात अर्ध्यावर अडकतं. म्हणून सगळ्या पुंगळ्या आधी एकाच लांबीला कापणं, कापलेल्या कडेची आतली-बाहेरची बर (धातूची कूस) काढणं आणि मगच क्रिंपला हात घालणं, हा क्रम सोडून चालत नाही. दहा पुंगळ्यांच्या लांबीत फरक असेल तर एकाच मापावर बसवलेली डाय प्रत्येकीला वेगळा क्रिंप देते.

मग उपाय? डायचं बूड कापायचं.

टर्नरच्या भाषेत हे साधं फेसिंग. पण डाय कठीण केलेली असते; तिच्या कातड्यावर हायस्पीड स्टीलचं टूल नुसतं घसरतं आणि त्याची धार जाते. कार्बाइडचं टूल लागतं, किंवा लेथवर बसवलेला ग्राइंडर. दुसरी काळजी डाय धरायची. आट्यांवर थेट चकचे जबडे आवळले की आटे चेपतात आणि मग ती प्रेसमध्ये जात नाही. म्हणून तिच्याच मापाचे आटे पाडलेला बुश करून त्यात डाय फिरवतात आणि बुश चकमध्ये धरतात. बूड अक्षाला काटकोनात हवं. हाताने, काचेवर एमरी पेपर ठेवून घासणारेही असतात, पण अर्धा सूत हाताने घासताना एक बाजू जास्त जाण्याची भीती मोठी.

किती कापायचं हे आधी मोजून ठरवायचं. आखूड पुंगळीत दारू आणि प्रायमर न घालता गोळी बसवून नकली काडतूस करतात, डाय शेल होल्डरला टेकवतात आणि पायरी किती वर राहिली ते व्हर्नियरने पाहतात. तेवढं, आणि वर थोडी मोकळीक. जास्त कापण्यात तोटा आहे. डायच्या तोंडाशी आतल्या बाजूने एक गोल उतार असतो. पुंगळी किंचित तिरकी आली तरी तो तिला सरळ आत घेतो. बूड कापताना हा उतार कापला जातो आणि मागे राहते उभी, धारदार कड. ती तशीच ठेवली तर प्रत्येक पुंगळीच्या अंगावर लांब ओरखडा पडतो आणि तोंडाचं पितळ सोलून निघतं. कड गोल करून, बारीक एमरीने चकाकेपर्यंत घासून मगच डाय वापरायची. या कामातली सर्वांत महत्त्वाची पाच मिनिटं हीच, आणि बहुतेकदा तीच विसरली जातात.

कापायची ती फक्त क्रिंपची डाय. पुंगळी पुन्हा मापात आणणारी साइझिंगची डाय तशीच राहते, कारण ती आधीच शेल होल्डरपर्यंत खाली येऊन काम करते आणि पुंगळी आखूड असली तरी तिचं काही बिघडत नाही. तोंड किंचित फाकवणारी एक्सपांडरची डाय मात्र अर्धा सूत खाली घ्यावी लागते.

दुसरी वाट विस्कॉन्सिनमधल्या ली प्रिसिजन या कंपनीच्या क्रिंप डायची. तिच्यात पायरी नसते. त्याऐवजी चार बोटांत चिरलेली पोलादी कॉलेट असते. शेल होल्डर तिला खालून वर ढकलतो, डायच्या आतल्या शंकूत तिची बोटं मिटतात आणि पुंगळीचं तोंड चारही बाजूंनी गोळीवर दाबतात. पुंगळ्यांच्या लांबीतला किरकोळ फरक तिला चालतो. पण अर्धा सूत चालत नाही, कारण शेल होल्डर कॉलेटला टेकतो तेव्हा दाबणाऱ्या ओठाची उंची कॉलेटच्या लांबीनेच ठरलेली असते. डाय कितीही फिरवली तरी ओठ खाली येत नाही. तो तोंडाच्या वर, मोकळ्या गोळीवरच मिटतो. इथे कॉलेटचं खालचं बूड फरकाइतकं कापायचं आणि डाय तेवढी खाली घ्यायची. कॉलेट सुटी असल्याने अख्खी डाय खराब होण्याची जोखीम टळते. हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो.

पिस्तुलाच्या काडतुसांत तर याचं उत्तर जुनंच आहे. .३५७ मॅग्नम १९३५ साली आलं ते .३८ स्पेशलची पुंगळी लांबवून, १.१५५ इंचांवरून १.२९० वर. दोन्ही एकाच डायमध्ये भरता यावीत म्हणून डाय आखूड पुंगळीच्या मापाने करतात आणि लांब पुंगळी भरताना चेकनटखाली ०.१३५ इंचाच्या आसपास जाडीचा वॉशर घालून डाय वर उचलतात. .४४ मॅग्नमच्या पुंगळ्या कापल्या असतील तर त्यांनाही याच न्यायाने .४४ स्पेशलची डाय उपयोगी पडते. डाय वर उचलणं नेहमीच सोपं असतं. खाली न्यायची तर पोलाद कापावं लागतं. रायफलींच्या डाय बनवणाऱ्यांनी सुरुवातीलाच आखूड बाजूने माप धरलं असतं, तर लेथची गरजच पडली नसती.

गोळी ढकलणाऱ्या खुंट्याचाही प्रश्न राहतो. चपट्या नाकासाठी केलेला खुंटा लाल टोकावरच दाब देतो आणि टोक चेपून वाकडं होतं. खुंट्याने टोक मोकळं सोडून खालच्या तांब्याच्या गोलाईवर टेकलं पाहिजे, म्हणून त्याच्या पोटात त्या आकाराची पोकळी कोरून घेतात किंवा तयार खुंटा विकत घेतात.

बंदुकीत आखूड पुंगळी का चालते, याचं कारण बुडाच्या काठात आहे. .४५-७०ची पुंगळी बॅरलच्या घरात अडते ती बुडाच्या बाहेर आलेल्या काठावर, तोंडावर नाही. म्हणून तोंडापुढे अर्धा सूत जागा रिकामी राहिली तरी काडतूस मागे-पुढे होत नाही. .३५ रेमिंग्टनसारखं काडतूस खांद्यावर अडतं, तिथेही तोंडाच्या लांबीने फरक पडत नाही. रिकाम्या जागेत मात्र दर बाराबरोबर काजळी साचते आणि तिची कडक अंगठी तयार होते. .३५७च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ची काडतुसं वापरणाऱ्यांना ती चांगली ओळखीची. वेळेवर घासली नाही तर नंतर पूर्ण लांबीची पुंगळी त्या अंगठीत रुतते.

त्याहून मोठी दक्षता मिसळ न होऊ देण्याची. आखूड पुंगळीत जुनी चपटी गोळी घालून तिच्या खाचेवर क्रिंप केला, तर ती गोळी १.६५ मिलिमीटर जास्त खोल बसते आणि दारूची जागा तेवढी घटते. .४५-७०च्या बाबतीत हे गंभीर आहे, कारण या एका पुंगळीसाठी पुस्तकांत दारूची तीन वेगवेगळी कोष्टकं असतात: १८७३च्या स्प्रिंगफील्डच्या ताकदीची, मार्लिनसारख्या लिव्हर रायफलींची आणि आधुनिक भक्कम सिंगल-शॉट रायफलींची. अमेरिकी कारखानदारांच्या सामी या १९२६ साली स्थापन झालेल्या संस्थेने या काडतुसाचा कमाल दाब २८,००० पौंड प्रति चौरस इंच धरला आहे, तो जुन्या रायफली अजून वापरात आहेत म्हणूनच. म्हणून जाणकार लोक कापलेल्या पुंगळ्या वेगळ्या डब्यात ठेवतात, डब्यावर लांबी आणि गोळी दोन्ही लिहितात, आणि भरायला बसण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीवर पुन्हा एकदा व्हर्नियर लावतात.